बोटे जमिनीला टेकली म्हणजे पाठ निरोगी?

शाळेत मुलांच्या शारीरिक क्षमतेची चाचणी असली की त्यात एक प्रकार हमखास असतो. मुलाने पाय पसरून बसायचे, गुडघे न वाकवता दोन्ही हात पुढे न्यायचे आणि बोटे कुठवर पोचली ते शिक्षकांनी मोजपट्टीवर पाहून वहीत लिहायचे. ‘सिट अँड रीच’ हे त्याचे रूढ नाव. २०१९ पासून ‘खेलो इंडिया’ उपक्रमाखाली चौथी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी ज्या चाचण्या ठरवल्या गेल्या, त्यांत ही चाचणी आहे. तिच्या जोडीला उंची-वजनाचा निर्देशांक, ५० मीटर धावणे, ६०० मीटर धावणे किंवा चालणे, पाठीवर झोपून अर्धवट उठणे आणि पुश-अप हे प्रकार आहेत.

धावण्याच्या चाचणीचा अर्थ कोणालाही समजतो. पुढे वाकण्याच्या चाचणीचा अर्थ मात्र समजावून सांगावा लागतो. तो बहुधा असा सांगितला जातो : ज्याची बोटे लांब पोचतात त्याची पाठ लवचीक आणि म्हणून निरोगी, ज्याची पोचत नाहीत त्याला पुढे पाठदुखी होण्याचा संभव अधिक. शारीरिक शिक्षणाच्या पुस्तकांत हे विधान इतक्या वेळा आले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला सहसा वाटत नाही. ते तपासणे हा या लेखाचा हेतू आहे. प्रश्न केवळ पुस्तकातील एका ओळीचा नाही. त्या ओळीच्या आधारे आपण एखाद्या मुलाला ‘अनफिट’ ठरवतो, आणि दुसऱ्या एखाद्याच्या तक्रारीकडे ‘तू तर फिट आहेस’ म्हणून दुर्लक्ष करतो.

रुग्णालयातून शाळेत

पाठदुखी आणि मुलांची शारीरिक क्षमता यांची सांगड घालण्याचे काम ज्या चाचणीने सर्वाधिक केले, ती म्हणजे क्राउस-वेबर चाचणी. सीबीएसईच्या बारावीच्या शारीरिक शिक्षणाच्या अभ्यासक्रमात ती काही वर्षे होती. त्यामुळे आपल्याकडील अनेक शिक्षकांनी ती शिकली आणि शिकवली आहे.

हान्स क्राउस हे मूळचे युरोपातले डॉक्टर. नाझी राजवटीच्या काळात ते अमेरिकेत आले. गिर्यारोहक म्हणूनही त्यांचे नाव होते. १९४० च्या दशकात न्यूयॉर्कच्या कोलंबिया-प्रेसबिटेरियन रुग्णालयात पाठदुखीच्या रुग्णांवर उपचार करताना त्यांच्या असे लक्षात आले, की बहुतेक रुग्णांच्या हाडांत किंवा मज्जातंतूंत दोष सापडत नाही; मात्र पोटाचे व पाठीचे स्नायू दुबळे आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडलेले असतात. सोन्या वेबर यांच्या साहाय्याने त्यांनी सहा साध्या कसोट्या तयार केल्या.

पहिल्या दोन कसोट्यांत पाठीवर झोपून, हात मानेमागे धरून एकदा उठून बसायचे : आधी पाय सरळ ठेवून, मग गुडघे दुमडून. तिसरीत पाठीवर झोपून सरळ पाय सुमारे २५ सेंटिमीटर उचलून १० सेकंद धरायचे. चौथीत आणि पाचवीत पोटाखाली उशी घेऊन पालथे झोपायचे आणि एकदा छाती, एकदा पाय उचलून प्रत्येकी १० सेकंद धरायचे. सहावीत उभे राहून, गुडघे ताठ ठेवून पुढे वाकायचे आणि बोटे जमिनीला टेकवून ३ सेकंद थांबायचे. सहांपैकी एका कसोटीत जरी अपयश आले तरी माणूस नापास.

रुग्णालयात या कसोट्यांचा उपयोग चांगला होता. रुग्णाचा कोणता स्नायूगट कमी पडतो ते कळायचे आणि त्यानुसार व्यायाम देता यायचा. पाठदुखीवर सक्तीची विश्रांती सांगण्याचा तो काळ होता. त्या काळी व्यायामाचा आग्रह धरणारे क्राउस काळाच्या पुढे होते यात शंका नाही. १९६१ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांच्या जुनाट पाठदुखीसाठी त्यांनाच पाचारण करण्यात आले, आणि त्यांनी केनेडींना व्यायामच दिला. त्यांच्या उपचारांवर माझा आक्षेप नाही. आक्षेप आहे तो त्यांची चाचणी रुग्णालयातून उचलून शाळेत आणली गेली तेव्हा तिचा जो अर्थ लावला गेला त्यावर.

क्राउस आणि रूथ हिर्शलँड (पुढे बॉनी प्रुडन या नावाने त्या प्रसिद्ध झाल्या) यांनी ही चाचणी अमेरिकेतील ४,००० हून अधिक शाळकरी मुलांना आणि ऑस्ट्रिया, इटली व स्वित्झर्लंडमधील मुलांना दिली. १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अमेरिकन मुलांपैकी ५७.९ टक्के मुले निदान एका कसोटीत नापास; युरोपीय मुलांत हे प्रमाण ८.७ टक्के. ११ जुलै १९५५ रोजी अध्यक्ष आयझेनहॉवर यांच्यासमोर व्हाइट हाउसमध्ये हे आकडे मांडले गेले. दुसरे महायुद्ध संपून दहाच वर्षे झाली होती आणि शीतयुद्ध ऐन भरात होते. राष्ट्राची तरुण पिढी कमकुवत निपजते आहे या कल्पनेने खळबळ उडाली. जुलै १९५६ मध्ये तरुणांच्या शारीरिक क्षमतेसाठी अध्यक्षांच्या नावाने एक स्वतंत्र मंडळ स्थापन झाले. एका पाठदुखीच्या चाचणीतून राष्ट्रीय धोरण जन्माला आले.

निष्कर्षात काय बसत नाही?

या आकड्यांकडे आपण आपल्या विज्ञानाच्या वर्गात एखाद्या प्रयोगाकडे पाहतो तसे पाहू.

पहिली गोष्ट, दोन्हीकडची मुले त्या त्या देशातील सर्व मुलांचे प्रातिनिधिक नमुने म्हणून निवडलेली नव्हती. तेव्हा ‘अमेरिकन मुले’ आणि ‘युरोपीय मुले’ अशी तुलना सैलपणाची होती.

दुसरी गोष्ट, सहा वेगवेगळ्या गोष्टी मोजून त्यांचे एकच ‘पास-नापास’ केले की काय बिघडले आहे ते झाकले जाते. अमेरिकन मुलांच्या अपयशात सर्वांत मोठा वाटा सहाव्या कसोटीचा होता. सुमारे ४४ टक्के अमेरिकन मुलांची बोटे जमिनीला टेकली नाहीत. युरोपात अशी मुले सुमारे ८ टक्के होती. म्हणजे जी बातमी ‘मुले दुबळी आहेत’ अशी पसरली, ती बऱ्याच अंशी ‘मुलांना वाकून बोटे टेकवता येत नाहीत’ एवढीच होती. धावणे, दमसास, उडी, पकड यांपैकी काहीच या चाचणीत मोजलेले नव्हते. अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या संघटनेने १९५८ मध्ये स्वतःची वेगळी चाचणीमाला आणली ती याच आक्षेपापोटी. तीत ५० यार्ड धावणे आणि ६०० यार्ड धावणे-चालणे होते. आपल्या ५० व ६०० मीटरशी त्यांचे साम्य वाचकांच्या लक्षात येईलच.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. ‘पाठदुखीच्या रुग्णांपैकी बरेच जण या चाचणीत नापास होतात’ हे विधान वेगळे, आणि ‘या चाचणीत नापास होणाऱ्या मुलांना पाठदुखी होईल’ हे विधान वेगळे. पहिल्यावरून दुसरे निघत नाही. रुग्णाची पाठ दुखत होती म्हणून त्याने हालचाल कमी केली आणि म्हणून त्याचे स्नायू आखडले, असेही असू शकते. कार्य आणि कारण यांची अदलाबदल होण्याचा धोका इथे उघड आहे.

शिवाय तुलनेचा गट हवा. हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा, वर्गात ५० मुले आहेत. त्यांपैकी २० जणांची बोटे टेकत नाहीत. गेल्या महिन्याभरात पाठ दुखली असे १५ जण सांगतात. बोटे टेकवण्याचा आणि पाठ दुखण्याचा काडीचाही संबंध नाही असे धरले, तरी नापास झालेल्या २० मुलांपैकी सरासरीने ६ मुलांची पाठ दुखत असणारच. शिक्षकांना ही ६ मुले दिसतात आणि ‘बघा, चाचणी बरोबर सांगते’ असे वाटते. पण पास झालेल्या ३० मुलांतही ९ जणांची पाठ दुखते, हे कोणी मोजतच नाही. ६ भागिले २० आणि ९ भागिले ३० : दोन्ही ३० टक्के. चाचणीचा उपयोग शून्य, पण अनुभवाने ती खरी वाटते.

वाकताना काय घडते?

‘सिट अँड रीच’ ही चाचणी वेल्स आणि डिलन यांनी १९५२ मध्ये मांडली, आणि ती पाठ व पाय या दोहोंची लवचीकता मोजते असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९८० मध्ये अमेरिकेत ‘आरोग्याशी निगडित’ क्षमतेची नवी चाचणीमाला आली. तीत ही चाचणी आणि झोपून उठून बसण्याची चाचणी या दोन्ही घेतल्या गेल्या, त्या कमरेच्या आरोग्याचे कारण देऊनच. क्राउसची कल्पना अशा रीतीने नव्या वेषात टिकली.

आता शरीररचना पाहू. आपण पुढे वाकतो तेव्हा दोन ठिकाणी हालचाल होते. कमरेचे मणके एकमेकांवर थोडेथोडे वाकतात, आणि श्रोणी, म्हणजे कमरेच्या हाडांचे कडे, खुब्याच्या सांध्यावर पुढे कलते. हे कलणे कुठे थांबेल ते मुख्यतः मांडीच्या मागच्या स्नायूंवर ठरते. त्यांना हॅमस्ट्रिंग म्हणतात. हे स्नायू ज्या हाडांवर आपण बसतो तिथून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन जोडले जातात. गुडघा ताठ असला की ते आधीच ताणलेले असतात. ते आखूड पडले की श्रोणी पुढे कलू शकत नाही आणि बोटे अडतात. पाठ कितीही लवचीक असली तरी!

हे अनुमान प्रत्यक्ष मोजूनही पाहिलेले आहे. १९८६ साली जॅक्सन आणि बेकर यांनी १३ ते १५ वर्षांच्या १०० मुलींवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी प्रत्येकीची ‘सिट अँड रीच’ चाचणी घेतली आणि हॅमस्ट्रिंगची व कमरेची लवचीकता स्वतंत्रपणे मोजली. चाचणीचा हॅमस्ट्रिंगशी सहसंबंध गुणांक ०.६४ आला, तर कमरेशी तो केवळ ०.२८ होता. गणिताचे शिक्षक या आकड्यांचा वर्ग करून दाखवू शकतील. ०.६४ चा वर्ग सुमारे ०.४१, आणि ०.२८ चा सुमारे ०.०८. म्हणजे मुलींच्या गुणांत जो फरक दिसला, त्यातील सुमारे ४१ टक्के हॅमस्ट्रिंगच्या फरकाशी जुळतो आणि कमरेच्या फरकाशी जेमतेम ८ टक्के. पुढे अनेक अभ्यास एकत्र करून जे विश्लेषण झाले त्याचाही सूर हाच आहे : हॅमस्ट्रिंगसाठी मध्यम, कमरेसाठी कमी.

यात आणखी एक गोष्ट मिसळते, ती म्हणजे शरीराची ठेवण. हात लांब आणि पाय आखूड असतील तर बोटे सहज पोचतात. किशोरवयात ही ठेवण दर वर्षी बदलते. वाढीच्या झपाट्यात पाय आधी लांबतात, धड मागून वाढते. सातवी-आठवीतला जो मुलगा गेल्या वर्षी पास होता आणि यंदा नापास झाला, त्याने व्यायाम सोडला असेलच असे नाही. कदाचित त्याचे पाय चार-पाच सेंटिमीटरने वाढले असतील एवढेच. त्याला आळशी म्हणणे म्हणजे उंच झाल्याबद्दल शिक्षा करण्यासारखे आहे.

पंचवीस वर्षांनी काय दिसले?

कोणत्याही भाकिताची खरी परीक्षा काळ घेतो. फिनलंडमध्ये तशी संधी मिळाली. १९७६ मध्ये तेथील ५२० मुलगे आणि ६०५ मुली यांच्या नेमक्या याच दोन चाचण्या घेतल्या होत्या : ‘सिट अँड रीच’, आणि ३० सेकंदांत झोपून किती वेळा उठून बसता येते ती. २००१ मध्ये, म्हणजे ही मुले चाळिशीच्या आसपास असताना, त्यांना मान, कंबर आणि गुडघे यांच्या दुखण्यांविषयी विचारले गेले. २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

शाळेतील लवचीकतेच्या आकड्यावरून किंवा उठून बसण्याच्या आकड्यावरून कंबरदुखीचे भाकीत करता आले नाही. ज्या मुलग्यांची लवचीकता चांगली होती त्यांच्यात पुढे मानेचे ताणजन्य दुखणे कमी होते. मुलींत हाच फायदा उठून बसण्यात चांगल्या असणाऱ्यांना दिसला. उलट, उठून बसण्यात पुढे असलेल्या मुलग्यांत गुडघ्याच्या दुखापती अधिक आढळल्या. आणि कंबरेबाबत एक धागा मिळाला तो चाचणीचा नव्हता : जे मुलगे शाळेच्या वयात व्यायाम-खेळात भाग घेत होते, त्यांच्यात वारंवार होणारी कंबरदुखी कमी होती. म्हणजे खेळण्याचा काही संबंध दिसला, मोजपट्टीचा दिसला नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. कॅनडातील माँट्रियलच्या तीन शाळांतील ५०२ विद्यार्थ्यांचा पाठपुरावा करणारा एक अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ज्यांना नव्याने कंबरदुखी सुरू झाली त्यांच्यात मांडीचे पुढचे आणि मागचे स्नायू आखडलेले असण्याचे प्रमाण अधिक आढळले. पण त्याच मुलांत उंचीची झपाट्याने वाढ आणि धूम्रपान हेही घटक आढळले. तेव्हा आखडलेल्या स्नायूंचा पाठदुखीशी कधीच संबंध नसतो असे म्हणता येणार नाही. मात्र असा एखादा संबंध अनेक घटकांपैकी एक असतो, आणि वर्गातील मोजपट्टीने एकेका मुलाचे भविष्य सांगण्याइतका तो बळकट नसतो.

२०१२ मध्ये अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या समितीने मुलांच्या क्षमतेच्या सर्व चाचण्यांचा पुरावा तपासला. दमसास, हाताची पकड, जागेवरून लांब उडी आणि शरीराची घडण यांच्या मोजमापांना तिने राष्ट्रीय पाहणीसाठी मान्यता दिली. लवचीकतेच्या चाचणीचा आरोग्याशी स्पष्ट संबंध दिसत नसल्याने ती अशा पाहणीत घेऊ नये, असे तिचे मत पडले. शिकवण्याचे साधन म्हणून शाळांनी ती वापरायला मात्र हरकत नाही.

चाचणीत पास झालेला विद्यार्थी

आतापर्यंत नापास होणाऱ्या मुलांवरील अन्यायाचा विचार झाला. पास होणाऱ्यांचा धोका याहून गंभीर आहे.

शाळेच्या संघातला एखादा वेगवान गोलंदाज किंवा जिम्नॅस्टिक्स करणारी मुलगी डोळ्यांसमोर आणा. क्षमता-चाचणीत त्यांना सर्वाधिक गुण असतात. या वयात कमरेच्या मणक्याच्या मागच्या कमानीचे हाड पुरते पक्के झालेले नसते. पाठ वारंवार मागे वाकवण्याने आणि पिळण्याने त्या हाडाला बारीक चीर पडू शकते. बॉस्टनमधील एका क्रीडावैद्यक विभागातील अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पाठदुखीसाठी आलेल्या १०० किशोरवयीन खेळाडूंची तुलना पाठदुखीच्या १०० प्रौढांशी केली होती. किशोरांपैकी ४७ जणांना हा कमानीचा दोष होता, प्रौढांपैकी फक्त ५ जणांना. प्रौढांत मुख्य दोष होता तो मणक्यांमधील गादीचा. हे आकडे खास उपचार केंद्रातले आहेत; आपल्या प्रत्येक शाळेत हेच प्रमाण असेल असा त्यांचा अर्थ नाही. पण किशोरवयीन खेळाडूची पाठदुखी ही मोठ्या माणसाच्या पाठदुखीची छोटी आवृत्ती नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते.

आणि हे दुखणे बहुधा पाठ मागे वाकवताना जाणवते. पुढे वाकून बोटे टेकवण्यात अशा मुलाला काहीच अडचण येत नाही असे होऊ शकते. चाचणी त्याला पूर्ण गुण देते. ‘तुला काही झालेले नाही, थोडा ताण आहे, सामना खेळून घे,’ असे त्याला सांगितले जाते. चीर वेळेवर लक्षात आली आणि काही महिने खेळ थांबवला तर बहुतेक मुले पूर्ववत खेळू लागतात. म्हणून तक्रार ऐकून घेणे हे मोजमापापेक्षा महत्त्वाचे आहे.

मग मुलांची पाठ दुखते कशाने?

किशोरवयात पाठ दुखणे ही विरळ गोष्ट नाही. डेन्मार्कमधील जुळ्यांच्या नोंदवहीवर आधारलेल्या, २९,००० हून अधिक व्यक्तींच्या १९९८ च्या अभ्यासात मुलींपैकी निम्म्याहून अधिक जणींना १८ व्या वर्षापर्यंत आणि मुलग्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना २० व्या वर्षापर्यंत निदान एकदा तरी कंबरदुखी होऊन गेल्याचे दिसले. इंग्लंडमध्ये ११ ते १४ वर्षांच्या १,४४६ मुलांच्या पाहणीत २४ टक्के मुलांनी गेल्या महिन्यात कंबर दुखल्याचे सांगितले. यातील बहुतेक दुखणी आपोआप बरी होतात.

इथे दप्तराचा प्रश्न निघणारच. दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे, असे महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये आणि केंद्राच्या दप्तर धोरणाने २०२० मध्ये सांगितले. दप्तर हलके असावे याबद्दल दुमत नाही. ओझ्याने मूल दमते, तेवढे कारण पुरेसे आहे. परंतु २०१८ मध्ये ६९ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला तेव्हा दप्तराच्या वजनामुळे पाठदुखी होते याचा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. वर उल्लेखलेल्या इंग्लंडमधील पाहणीतही तो मिळाला नव्हता.

त्या पाहणीतील मुलांचा वर्षभर पाठपुरावा झाला, तेव्हा वेगळेच काही समोर आले. ज्यांना नव्याने कंबरदुखी सुरू झाली त्यांच्यात डोकेदुखी, पोटदुखी अशा इतर दुखण्यांचे आणि भावनिक व वर्तनविषयक अडचणींचे प्रमाण आधीपासून अधिक होते. याचा अर्थ ‘दुखणे मनाचे आहे, म्हणजे खोटे आहे’ असा करू नये. दुखणे खरेच असते. पण पाठ ही मुलापासून वेगळी काढून तपासण्याची वस्तू नव्हे. ज्या मुलाचे डोके, पोट आणि पाठ आलटून पालटून दुखते, त्याची झोप कशी आहे, घरी काय चालले आहे, परीक्षेचा धसका आहे का, वर्गात त्याला कोणी छळते का, हे विचारणारा शिक्षक मोजपट्टीपेक्षा अधिक कामाची माहिती मिळवतो.

शाळेत काय करता येईल?

चाचणी टाकून द्यावी असे मी सुचवत नाही. ती जिथे सक्तीची आहे तिथे घ्यावीच लागेल. पण तिचा अर्थ बदलता येईल आणि तिच्यातून विज्ञान शिकवता येईल. आठवी ते दहावीच्या वर्गासाठी एक प्रयोग असा :

१. प्रत्येक विद्यार्थ्याला एक गुप्त क्रमांक द्यावा. नावे फळ्यावर येऊ देऊ नयेत. ज्याची पाठ किंवा पाय दुखतो त्याने फक्त नोंदी घ्याव्यात.

२. उभ्याने उंची मोजावी. मग भिंतीला टेकून जमिनीवर बसवून बसलेली उंची मोजावी. पहिलीतून दुसरी वजा केली की पायांच्या लांबीचा अंदाज मिळतो. हाताची लांबीही मोजावी.

३. ‘सिट अँड रीच’ घ्यावी. नंतर पाच मिनिटे हलके धावून व अंग मोकळे करून पुन्हा घ्यावी.

४. आलेख काढावा : आडव्या अक्षावर पायांची लांबी, उभ्या अक्षावर चाचणीचा आकडा. मग हाताची लांबी घेऊन दुसरा आलेख. मुलगे व मुली यांचे बिंदू वेगळ्या रंगात दाखवावेत.

पाच मिनिटांत बऱ्याच जणांचा आकडा वाढलेला दिसेल. पाच मिनिटांत कोणाच्या पाठीचे आरोग्य बदलले? मग आपण मोजले काय? हा प्रश्न मुलांनीच विचारला तर प्रयोग सफल झाला असे समजावे. मोजमाप अचूक असूनही ते आपल्याला हव्या त्या गोष्टीचे नसू शकते, हा धडा पाठ्यपुस्तकातील कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक लक्षात राहतो.

व्यायामाच्या तासाबाबत बोलायचे तर, जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून निदान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. खो-खो, कबड्डी, लंगडी, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांनी ते सहज साधते. सूर्यनमस्कारात पुढे वाकणे आहेच. तिथे ते चांगला व्यायाम म्हणून करावे, ज्याचे हात जिथवर पोचतील तिथवर. व्यायामाने हृदय, हाडे आणि मन यांना होणारे फायदे भक्कम पुराव्याचे आहेत. त्यांच्या समर्थनासाठी पाठदुखीची भीती दाखवण्याची गरज नाही.

आणि पुढील तक्रारी ऐकल्या तर चाचणीत कितीही गुण असोत, पालकांना सांगून मुलाला डॉक्टरांकडे पाठवावे : रात्री झोपेतून उठवणारे दुखणे, दुखण्याबरोबर ताप किंवा वजन घटणे, पायात बधिरपणा अथवा अशक्तपणा, लघवी किंवा शौचावरील ताबा जाणे, पडल्यानंतर किंवा मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे, खेळाडूला पाठ मागे वाकवताना होणारे दुखणे, आणि महिनाभर होऊनही न थांबणारे कोणतेही दुखणे. लघवी-शौचाचा ताबा गेला किंवा पायातील ताकद झपाट्याने कमी झाली, तर एक दिवसही थांबू नये.

प्रगतिपुस्तकात लवचीकतेचा आकडा लिहायचाच असेल तर तो ‘मांडीच्या मागच्या स्नायूंची लवचीकता’ या नावाने लिहावा. पाठीबद्दल जाणून घ्यायचे असेल, तर मुलाला विचारावे.